निर्जीव कापांतून पेशींचा प्रवास वाचणारे काहाल

मृत ऊतीचे पातळ काप करायचे, त्यांना रंग द्यायचा आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळायचे, एवढेच एकोणिसाव्या शतकातील ऊतिशास्त्रज्ञाच्या हाती होते. गर्भातील पेशी आपल्या जागी कशा पोहोचतात, हे प्रत्यक्ष पाहण्याची सोय नव्हती. तो प्रवास सान्तियागो रामोन इ काहाल यांनी निर्जीव कापांवरून ओळखला.

१ मे १८५२ रोजी स्पेनमधील पेतिया दे आरागोन या खेड्यात त्यांचा जन्म झाला. त्यांना चित्रकार व्हायचे होते. शल्यचिकित्सक वडिलांना हे खूळ वाटे. त्यांनी मुलाला केशकर्तनकाराकडे, पुढे जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारीस ठेवले. घरी बनवलेल्या तोफेने शेजाऱ्याचे फाटक उडवल्याबद्दल या पोराने अकराव्या वर्षी कोठडीचीही हवा खाल्ली. अखेर दफनभूमीतून आणलेली हाडे रेखाटताना तो वैद्यकाकडे वळला. १८७४ मध्ये लष्करी डॉक्टर म्हणून काहाल क्यूबाला गेले आणि हिवतापाने खंगून परतले.

१८८७ मध्ये माद्रिदला त्यांनी गोल्जी यांच्या रंजनपद्धतीने तयार केलेले काप पाहिले. चांदीच्या क्षाराने मोजक्याच मज्जापेशी काळ्या होत, पण त्या शाखांसह संपूर्ण दिसत. काहाल यांनी ही पद्धत कोवळ्या गर्भांवर वापरली. गोल्जी यांच्या मते मज्जासंस्था हे अखंड जाळे होते. काहाल यांना मात्र प्रत्येक पेशी स्वतंत्र दिसली. स्वखर्चाने काढलेले त्यांचे स्पॅनिश नियतकालिक परदेशात फारसे कोणी वाचेना, म्हणून १८८९ मध्ये ते काप घेऊन थेट बर्लिनला गेले आणि ज्येष्ठ शास्त्रज्ञ कोलिकर यांना त्यांनी आपल्या बाजूला वळवले.

१८९० मध्ये कोंबडीच्या गर्भाच्या मज्जारज्जूत, वाढत्या तंतूच्या टोकाशी त्यांना शंकूसारखा फुगवटा आढळला. हाच वाट काढणारा वृद्धिशंकू होय, असा त्यांनी अर्थ लावला. लहान मेंदूतील कणपेशींच्या वेगवेगळ्या अवस्था त्यांनी क्रमाने लावल्या, तेव्हा पृष्ठभागाजवळ जन्मलेली पेशी मागे तंतू सोडत आत उतरते, हे ध्यानात आले. इथे त्यांच्यातला चित्रकारच कामी आला असावा. पेशींना दिशा कोण दाखवते? काही पेशी रासायनिक द्रव्ये स्रवून तंतूंना आकर्षित करतात, असा तर्क त्यांनी १८९२ मध्ये मांडला.

१९०६ चे नोबेल पारितोषिक काहाल आणि गोल्जी यांना विभागून मिळाले. गोल्जींनी त्या व्याख्यानातही जाळ्याचाच पक्ष घेतला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भाचा जिवंत मज्जातंतू शरीराबाहेर वाढताना पाहिला. त्याचे टोक खरोखरच हलत होते.

रासायनिक आकर्षणाचा निकाल लागण्यापूर्वी, १७ ऑक्टोबर १९३४ रोजी काहाल निवर्तले. १९९४ मध्ये कोंबडीच्या गर्भाच्या मेंदूतून तंतूंना दिशा देणारी प्रथिने वेगळी करण्यात आली. त्यांना ‘नेट्रिन’ हे नाव दिले गेले ते वाट दाखवणारा या अर्थाच्या संस्कृत ‘नेतृ’ शब्दावरून. आपला ‘नेता’ही त्याच घरातला. २०१७ मध्ये मात्र, मज्जारज्जूच्या मध्यरेषेतील नेट्रिन काढून टाकले तरी उंदरांचे तंतू तेथवर पोहोचतात आणि वाटेतील पेशींचे नेट्रिन अधिक महत्त्वाचे असते, असे दिसले. दुरून होणारे आकर्षण किती आणि वाटेवरचा आधार किती, हा हिशेब तेव्हापासून नव्याने मांडावा लागला.