पुण्यश्लोक अहिल्यादेवी : शोकातून उभी राहिलेली श्रद्धा

मराठी पंचांगाप्रमाणे श्रावण वद्य चतुर्दशी आणि माळव्याच्या पंचांगाप्रमाणे भाद्रपद कृष्ण चतुर्दशी, या तिथीला इंदूर नगरीत अहिल्योत्सव होतो आणि अहिल्यादेवींची पालखी निघते. राजवाड्यासमोर त्यांचा पुतळा आहे; विद्यापीठाला आणि विमानतळाला त्यांचे नाव आहे. लोकांनी त्यांना मातोश्री म्हटले, देवी म्हटले, पुण्यश्लोक म्हटले. मात्र देवत्वाच्या या प्रभावळीमुळे एक गोष्ट झाकली जाते. ज्यांच्या नावाने इतकी देवालये उभी राहिली, त्या स्त्रीच्या स्वतःच्या घरात मृत्यूने एकेक करून सर्वांना उचलून नेले. पती, सासू, सासरे, पुत्र, नातू, जावई आणि अखेरीस कन्या. या आघातांनंतरही त्यांची श्रद्धा कशी टिकली आणि त्या श्रद्धेने त्यांच्याकडून काय करवून घेतले, हे त्यांच्या चरित्राचे खरे मर्म आहे.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी या गावी झाला. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. मुक्कामाला आलेल्या सुभेदार मल्हारराव होळकरांनी गावच्या देवळात या मुलीला पाहिले आणि सून म्हणून तिची निवड केली, अशी परंपरागत कथा आहे. त्यांचे पुत्र खंडेराव यांच्याशी तिचा विवाह झाला. १७४५ साली मालेराव आणि १७४८ साली मुक्ताबाई ही अपत्ये झाली. सासू गौतमाबाईंच्या हाताखाली त्या घरचा आणि दौलतीचा कारभार शिकत होत्या.

मार्च १७५४ मध्ये पहिला मोठा आघात झाला. सुरजमल जाटाच्या कुंभेरी किल्ल्याला मराठी फौजांचा वेढा पडला असता तोफेचा गोळा लागून खंडेराव ठार झाले. खंडेरावांच्या अन्य स्त्रिया सती गेल्या. अहिल्याबाईही त्याच वाटेने निघाल्या होत्या. पण पुत्रशोकाने खचलेल्या मल्हाररावांनी सुनेपुढे पदर पसरावा तशी विनवणी केली आणि तिला परत फिरविले. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी त्यांनी मरण बाजूला ठेवले, ते स्वतःसाठी नव्हे, तर वृद्ध सासऱ्यांसाठी आणि दोन लहान मुलांसाठी. पुढील सर्व आयुष्याचा कल या एका निर्णयात दिसतो. जगणे हे त्यांच्या लेखी सुख उरले नव्हते; ते कर्तव्य म्हणून हाती आले होते.

मल्हाररावांनी या कर्तव्याला आकार दिला. स्वारीवर असताना ते सुनेला पत्रे लिहीत, वसुलीपासून तोफखान्याची रवानगी करण्यापर्यंतची कामे सोपवीत. १७६१ हे पानिपतचे वर्ष. त्याच वर्षी गौतमाबाई निवर्तल्या. मे १७६६ मध्ये आलमपूर येथे मल्हारराव गेले. मालेरावांना सुभेदारीची वस्त्रे मिळाली, पण वर्षही पुरते लोटले नाही तोच तेही गेले. खोट्या संशयावरून त्यांच्या हातून एका निरपराध कारागिराची हत्या झाली आणि त्या पश्चात्तापाने त्यांची बुद्धी भ्रमली, असे सांगतात. त्या मृताचा आत्मा शांत व्हावा म्हणून माता पुत्राच्या शय्येपाशी रात्रंदिवस प्रार्थना करीत बसली होती. ती प्रार्थना फळाला आली नाही. इतकेच नव्हे, तर मातेनेच वेड्या पुत्राचा काटा काढला असा प्रवादही काहींनी उठविला. पुढे सर जॉन माल्कम याने चौकशी करून तो निराधार ठरविला. पण तोवर अहिल्याबाईंना तो मुकाट्याने सोसावा लागला होता.

शोकाला उसंत नव्हती. होळकरांची गादी निर्वंश झाली असे पाहून दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तकाचा घाट घातला आणि राघोबादादांना माळव्यात येण्यास प्रवृत्त केले. अहिल्याबाईंनी शिंदे, भोसले, गायकवाड यांच्याकडे साहाय्य मागितले, फौज सज्ज केली आणि थेट पुण्यास माधवराव पेशव्यांकडे न्याय मागितला. पेशव्यांनी त्यांचा हक्क मान्य केला. दौलतीचा कारभार त्यांच्याकडे राहिला आणि फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे आली. नर्मदातीरीचे महेश्वर हे राजधानीचे ठिकाण झाले.

महेश्वरातील त्यांची दिनचर्या माल्कमने जुन्या माणसांना विचारून १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथात नोंदविली. सूर्योदयापूर्वी उठून स्नान, पूजा. मग पुराणश्रवण, दानधर्म आणि अन्नदान. त्यानंतर साधे शाकाहारी भोजन व थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास त्या दरबारात बसत, ते सायंकाळी सहापर्यंत. नंतर पुन्हा दोनतीन तास देवकार्य, अल्प आहार आणि रात्री नऊ ते अकरा पुन्हा राज्यकारभार. वर्षानुवर्षे यात क्वचितच खंड पडला. या दिनक्रमात पूजा आणि दरबार यांच्यामध्ये भिंत नव्हती. राज्य शंकराचे आणि आपण त्याच्या कारभारी, ही त्यांची धारणा होती. आज्ञापत्रांवर स्वतःच्या नावाऐवजी श्रीशंकराचे नाव येई. त्यामुळे फिर्यादीची दाद लावणे हीही उपासनाच ठरली. ज्या दिवशी मन काळवंडलेले असेल, त्या दिवशीही फिर्यादी दाराशी उभा असे आणि त्याच्यासाठी उठावेच लागे.

त्यांच्या दानधर्माचा झरा खासगीच्या उत्पन्नातून वाहत होता. होळकरांच्या घराण्यात दौलत आणि खासगी हे दोन हिशेब वेगळे असत. खासगी हे राजस्त्रियांचे स्वतःचे उत्पन्न. काशीविश्वेश्वराचे जुने मंदिर १६६९ साली पाडले गेले होते. शंभरहून अधिक वर्षांनी, १७८० च्या सुमारास, अहिल्याबाईंनी ते पुन्हा उभारले. सोमनाथला भग्न देवालयानजीक १७८३ साली नवे मंदिर बांधले. गयेचे विष्णुपद, वेरूळचे घृष्णेश्वर, ठिकठिकाणचे घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे ही यादी फार लांबेल. यांतील बहुतेक स्थळे होळकरांच्या मुलुखाबाहेरची होती. त्यांतून एक पैचाही वसूल येणार नव्हता.

या यादीपेक्षाही माल्कमने टिपलेल्या लहान गोष्टी अधिक बोलक्या आहेत. उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी पाजण्यासाठी वाटांवर माणसे नेमलेली असत; थंडीच्या सुरुवातीला गोरगरिबांना कपडे वाटले जात; शेतात राबणाऱ्या बैलांना नांगर थांबवून पाणी पाजले जाई; उभ्या पिकावरून पाखरे हाकलली जातात म्हणून काही शेते विकत घेऊन ती पाखरांसाठी राखली जात. वाटमारी करणाऱ्या भिल्लांचा त्यांनी आधी बंदोबस्त केला, पण नंतर त्यांनाच वाटांच्या रक्षणाची जबाबदारी देऊन प्रवाशांकडून अल्प कर घेण्याचा त्यांचा जुना हक्कही मान्य केला. एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला, तेव्हा तो ऐकून घेऊन त्यांनी नर्मदेत टाकविला.

अखेरची कसोटी उतारवयात आली. कन्या मुक्ताबाई यशवंतराव फणसे यांना दिली होती. तिचा मुलगा नथ्याबा हा आजीच्या उत्तरायुष्याचा विसावा होता. १७९० साली तो गेला आणि वर्षभरात, १७९१ साली, यशवंतरावही गेले. मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. सदतीस वर्षांपूर्वी मल्हाररावांनी जी विनवणी सुनेला केली होती, तीच आता त्या सुनेने स्वतःच्या लेकीला केली. मल्हाररावांचे शब्द मानले गेले होते. अहिल्याबाईंचे मानले गेले नाहीत. पती नाही, पुत्र नाही, मग कोणासाठी जगावे, या लेकीच्या प्रश्नाला आईजवळ पटेल असे उत्तर नव्हते. चिता पेटली तेव्हा दोघा ब्राह्मणांनी त्यांना दंडाला धरून सावरले होते. नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात परतल्या आणि तीन दिवस जवळजवळ अन्नावाचून, एक शब्दही न बोलता बसून राहिल्या. नंतर त्यांनी गेलेल्यांच्या स्मरणार्थ एक देखणी वास्तू बांधविण्यास घेतली आणि पुन्हा कामाला लागल्या.

श्रद्धेने अहिल्याबाईंचे दुःख टाळले नाही, हे येथे स्पष्ट दिसते. त्यांच्या कितीतरी प्रार्थना अपूर्ण राहिल्या. मागितले ते मिळेल, या अपेक्षेवर त्यांची आशा उभी असती, तर ती १७६७ सालीच कोसळली असती. त्यांची आशा निराळी होती. आपले माणूस परत येणार नाही. परंतु अनोळखी वाटसरूला उद्या तहान लागेल आणि त्याच्यासाठी आज विहीर खणता येईल, ही ती आशा. तिला स्वतःच्या वंशाची गरज नव्हती.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, महेश्वरी त्यांनी देह ठेवला. दोन वर्षांत तुकोजीही गेले आणि वारसाच्या भांडणात माळवा होरपळून निघाला. साठविलेला खजिना उधळला गेला. १८१७ साली महिदपूरला होळकरांचा पराभव झाला आणि १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर राजधानी इंदुरास आली. माल्कमने माणसांना विचारले ते याच लुटलेल्या, उजाड मुलखात. सुखाचे दिवस कोणते, असे विचारता लोक अहिल्याबाईंच्या काळाकडे बोट दाखवीत. एकदा झालेले पुन्हा होऊ शकते, हा भरवसा त्या आठवणीने पडत्या काळातील प्रजेला दिला. खजिना गेला, सत्ता गेली, पुढे संस्थानही विलीन झाले. महेश्वरच्या घाटाच्या पायऱ्यांवर मात्र आजही पहाटे माणसे नर्मदेच्या स्नानाला उतरतात.