पंडिता रमाबाई व स्त्रियांचा हुन्नर

गिरगांव चौपाटीवर सायंकाळीं हवा खाण्यास जाणाऱ्या आमच्या वाचकांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल कीं, ११ मार्च १८८९ रोजीं पंडिता रमाबाईंनीं आपलें 'शारदा सदन' त्याच भागांत उघडलें. विधवेस दोन घास घालणारीं घरें पूर्वींही होतीं. ते घास स्वतः मिळविण्याची विद्या तिला देणारें घर मात्र नवलाचें होतें.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. पिता अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविलें व तिनें तें कन्येस दिलें. आईबाप दुष्काळांत गेले. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं रमाबाईंस 'पंडिता' व 'सरस्वती' म्हणून गौरविलें. पण १८८२ सालीं पति निवर्तले तेव्हां पदरीं तान्ही मनोरमा होती, आणि पदव्यांनीं चूल पेटत नाहीं.

१८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. सदन पुण्यास गेल्यावर कांहीं मुलींचा कल तिकडे दिसूं लागला, तेव्हां १८९३ सालीं न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर यांनीं सल्लागारपद सोडलें. या वादांत आम्ही सल्लागारांच्या बाजूचे आहोंत. आश्रितेच्या श्रद्धेवर आश्रयदात्याची छाया पडूं नये. परंतु ज्यांनीं आपल्या मुली सदनांतून माघारीं नेल्या, त्यांपैकीं कितीजणांनीं त्यांच्या हातीं दुसरें काम दिलें? अण्णासाहेब कर्व्यांनीं १८९६ सालीं पुण्यास अनाथ बालिकाश्रम काढला खरा. पण त्यांच्या पत्नी आनंदीबाई याच सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत्या!

त्याच सुमारास मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. रमाबाईंनीं तेथील शेंकडों निराधार मुली आणून केडगांवास 'मुक्ति' वसविलें. तेथें शेती, विणकाम, तेलाचा घाणा, दुभतीं जनावरें अशीं कामें मुली शिकल्या. पेढीवाल्या वाचकांस सांगावयास नको कीं, वर्षासन बंद पडतें, हुन्नर बंद पडत नाहीं. आम्हांस विशेष कौतुक छापखान्याचें वाटतें. खिळे जुळविणें हें डोळ्यांत तेल घालून करण्याचें काम. एक खिळा चुकला कीं शब्द बिघडला. रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेलें बायबलचें मराठी भाषांतर याच स्त्रियांनीं जुळविलें व छापिलें. ज्यांस काल अक्षरओळख नव्हती, त्यांपैकींच कित्येक या कामावर होत्या.

५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई निवर्तल्या. जिच्यावर संस्थेचा भार सोंपवावयाचा ती मनोरमा आदल्याच वर्षीं गेली होती. छापखान्यांतील काम त्यानंतरही चालू राहिलें.