रुळाचा तुकडा, टेलिफोन आणि एक तार: लेस पॉलची गोष्ट

फोनवर बँडलॅब किंवा गॅरेजबँडसारखं ॲप उघडलं की आपण काय करतो? आधी बीट टाकतो, त्यावर गिटार, त्यावर आपला आवाज, आणि हवं तर त्यावर पुन्हा आपलाच आवाज. एकावर एक ट्रॅक चढवत जायचं. ही पद्धत रुजवणाऱ्यांमध्ये एक माणूस असा होता, ज्याने इंजिनिअरिंग सोडाच, शाळाही पूर्ण केली नव्हती. त्याचं नाव लेस पॉल. गिब्सनच्या गिटारवर हे नाव तुम्ही नक्की वाचलं असेल. अनेकांना ते फक्त मॉडेलचं नाव वाटतं.

लेस्टर विल्यम पोल्सफस हे त्याचं खरं नाव. जन्म ९ जून १९१५चा, अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉकेशा गावातला. लहानपणी हार्मोनिका वाजवायचा आणि गिटारही. दोन्ही एकदम वाजवायचं तर हार्मोनिका धरणार कोण? म्हणून त्याने कपड्यांच्या हँगरची तार वाकवून गळ्यात अडकवायचा स्टँड बनवला. घरी आपोआप वाजणारा पियानो होता. त्यात कागदाची गुंडाळी फिरायची आणि कागदावरच्या भोकांप्रमाणे सूर वाजायचे. या पठ्ठ्याने त्या कागदाला स्वतःची जादा भोकं पाडली आणि गाण्यात नवे सूर घातले. माझ्या मते हे त्याचं पहिलं प्रोग्रामिंग.

थोडा मोठा झाल्यावर तो रस्त्याकडेच्या एका खाण्याच्या ठिकाणी वाजवू लागला. गिऱ्हाईकं गाडीत बसूनच खायची आणि ऐकायची. आवाज लांब पोचावा म्हणून त्याने टेलिफोनचा बोलायचा भाग झाडूच्या दांड्याला बांधला, त्याच्या वायरी रेडिओला जोडल्या आणि माईक तयार केला. गाणं ऐकू येऊ लागलं, पण गिटार ऐकू येत नाही अशी तक्रार आली. मग त्याने ग्रामोफोनची सुई असलेला भाग काढून गिटारमध्ये खुपसला आणि तोही दुसऱ्या रेडिओला जोडला. आवाज वाढला, पण सोबत कर्कश शिट्टीही सुरू झाली.

ही शिट्टी आपण सगळ्यांनी ऐकली आहे. गणपतीच्या मंडपात कुणी माईक घेऊन स्पीकरसमोर गेलं की वाजते तीच. साधी गिटार आतून पोकळ असते. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याला भोपळा लावतात, तेच तत्त्व: तार थरथरली की पोकळ भाग थरथरतो आणि आवाज मोठा होतो. पण स्पीकर लावला की उलटंही होतं. स्पीकरचा आवाज त्या पोकळ लाकडाला हलवतो, लाकूड तारेला हलवतं, तार पुन्हा स्पीकरला, आणि हे चक्र थांबतच नाही. शिवाय तारेची ऊर्जा लाकूड हलवण्यात लवकर खर्च होते, त्यामुळे सूर पटकन विरतो.

लेसने आधी गिटारमध्ये चिंध्या कोंबल्या, मग प्लास्टर ओतलं. फरक पडला, पण पुरेसा नाही. मग त्याने टोकाचा विचार केला: मुळीच न हलणाऱ्या वस्तूवर तार लावली तर? त्याने रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा आणला, त्यावर गिटारची तार ताणून बसवली आणि तारेखाली टेलिफोनच्या रिसीव्हरचा ऐकायचा भाग ठेवला. झाली लोखंडी एकतारी!

रिसीव्हरच का? कारण त्यात लोहचुंबक असतं आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी. चुंबकाजवळ पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि गुंडाळीत तेवढाच चिमुकला विद्युतप्रवाह तयार होतो. फॅरेडेचा नियम, बारावीला मार्कांसाठी पाठ केलेला. आजच्या इलेक्ट्रिक गिटारचं पिकअप याच तत्त्वावर चालतं. रूळ जड आणि ताठ, तो तारेची ऊर्जा पीत नाही. त्यामुळे सूर स्वच्छ आला आणि बराच वेळ टिकला. लेस धावत आईकडे गेला. आईने एकच शंका काढली: घोड्यावर बसून रूळ वाजवणारा काउबॉय कुणी पाहिलाय का? युजर टेस्टिंग पाच सेकंदांत संपलं. (हे किस्से बहुतेक त्यानेच आयुष्यभर रंगवून सांगितले आहेत, तेव्हा थोडं मीठमसाला धरून चला.)

शाळा सोडून तो बँडमध्ये गेला, शिकागोच्या रेडिओवर वाजवलं, मग न्यूयॉर्कला पोचला. तिथे एपिफोन कंपनीच्या कारखान्यात सुट्टीच्या दिवशी काम करायची त्याला मुभा मिळाली. साधारण १९४०-४१ मध्ये तिथे त्याने रुळाची कल्पना लाकडात आणली. चार इंच बाय चार इंचाचा भरीव ओंडका, त्याला गिटारची मान, तारा आणि घरी बनवलेले पिकअप. नावही तेच पडलं: द लॉग, म्हणजे ओंडका. आवाज त्याला हवा तसा होता, पण लोक बघून गोंधळायचे. मग त्याने एपिफोनची एक गिटार उभी कापली आणि तिचे दोन अर्धे भाग ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना जोडले. आवाजात या पंखांचं काही काम नव्हतं, पण आता लोकांना तीच गिटार आवडू लागली. यूआय बदला, बॅकएंड तोच ठेवा! पुढे तो ही गिटार गिब्सन कंपनीकडे घेऊन गेला, तर त्यांनी पिकअप लावलेला झाडूचा दांडा म्हणून तिची थट्टा केली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. लेस पॉलने इलेक्ट्रिक गिटार शोधली असं इंटरनेटवर सर्रास लिहिलेलं असतं, ते खरं नाही. रिकनबॅकरची तळणीच्या आकाराची ॲल्युमिनियमची इलेक्ट्रिक गिटार १९३०च्या दशकाच्या सुरुवातीलाच आली होती. भरीव लाकडाची गिटार १९५० मध्ये बाजारात आणून विकली ती लिओ फेंडरने. ते पाहून गिब्सनला जाग आली आणि १९५२ मध्ये गिब्सन लेस पॉल आली. तिचं बरंचसं डिझाइन टेड मॅकार्टी आणि गिब्सनच्या लोकांचं होतं, आणि लेसचा त्यात नेमका वाटा किती यावर आजही वाद होतात. मला विचाराल तर त्याचं खरं मोठं काम गिटारच्या पुढचं आहे.

पण ते काम होणारच नाही अशी वेळ आली होती. १९४१ मध्ये तळघरात वाजवताना त्याला विजेचा जोरदार झटका बसला, त्यातून तो कसाबसा वाचला. नंतर तो हॉलीवूडला गेला आणि तिथे गॅरेजमध्ये स्टुडिओ उभारला. ग्रामोफोनच्या तबकड्या कापायचं यंत्रही घरीच केलं, आणि त्यात कॅडिलॅक गाडीचं फ्लायव्हील बसवलं. जड चाक एकदा फिरू लागलं की वेग हलत नाही, म्हणून. एक तबकडी वाजवायची, तिच्यासोबत स्वतः वाजवायचं आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर कोरायचं. अशा रीतीने ‘लव्हर’ या रेकॉर्डमध्ये त्याने एकट्याने गिटारचे आठ भाग वाजवले.

जानेवारी १९४८ मध्ये ओक्लाहोमात बर्फाळ रस्त्यावर त्याची गाडी घसरून खाली कोसळली. उजव्या हाताच्या कोपराचा चुरा झाला. हात कापावा लागेल असंही बोललं गेलं. वाचला तरी कोपर पुन्हा वाकणार नव्हतं, ज्या कोनात बसवतील त्याच कोनात हात जन्मभर राहणार होता. सरळ ठेवला असता तर रोजची बरीच कामं जमली असती, गिटार मात्र नाही. लेसने डॉक्टरांना हात गिटार धरण्याच्या कोनात बसवायला सांगितला. तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. बरं व्हायला वर्षाहून जास्त काळ लागला, आणि उरलेली सहा दशकं तो त्याच वाकलेल्या हाताने जेवला, गाडी चालवली आणि वाजवत राहिला.

१९४९ मध्ये गायक बिंग क्रॉस्बीने त्याला ॲम्पेक्सचं टेप रेकॉर्डर दिलं. या यंत्रात टेप आधी पुसणाऱ्या हेडवरून जाते, मग रेकॉर्ड करणाऱ्या हेडवरून. लेसने पुसणाऱ्या हेडच्या आधी एक जादा हेड बसवलं. ते जुना आवाज वाचायचं, त्यात लेसचा नवा आवाज मिसळायचा आणि दोन्ही एकत्र त्याच टेपवर उतरायचे. युक्ती भारी, पण जुनं तिथल्या तिथे पुसलं जायचं. दहाव्या थरावर चूक झाली की आधीचे नऊही गेले. अनडू नाही, बॅकअप नाही. कोडिंग करताना मी पाच मिनिटांनी सेव्ह करणारा माणूस, मला वाचूनच घाम फुटतो.

अशा यंत्रावर त्याने आणि त्याची पत्नी मेरी फोर्ड हिने ‘हाऊ हाय द मून’ केलं. मेरीच्याच आवाजाचे अनेक थर, लेसच्या गिटारचे अनेक थर. १९५१ मध्ये हे गाणं अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. पुढे लेसने मागणी केल्यावर ॲम्पेक्सने आठ वेगळे ट्रॅक असलेलं यंत्र तयार केलं, आणि १९५७ मध्ये सुमारे दहा हजार डॉलर मोजून त्याने ते घेतलं. आता एका ट्रॅकवर चुकलं तर बाकीचे सुरक्षित. तुमच्या ॲपमधल्या आडव्या पट्ट्या याच कुळातल्या.

लेस आणि मेरीचा संसार १९६४ मध्ये मोडला. त्याच्या नावाची गिटारही मधल्या काळात बंद पडली होती. मग ब्लूज आणि रॉकवाल्या पोरांनी जुन्या लेस पॉल शोधून वाजवायला सुरुवात केली, आणि गिब्सनला १९६८ मध्ये ती पुन्हा आणावी लागली. म्हातारपणी संधिवाताने त्याची बोटं आखडली, तरी न्यूयॉर्कच्या क्लबमध्ये दर सोमवारी रात्री तो वाजवायचा. ऑगस्ट २००९ मध्ये, वयाच्या ९४व्या वर्षी तो गेला. त्या वर्षीही त्याचे सोमवार चालूच होते.

९ जून २०११ला, त्याच्या ९६व्या जयंतीला, गूगलने होमपेजवर वाजवता येणारं गिटारचं डूडल ठेवलं होतं. तारांवर माउस फिरवला की सूर यायचे, आणि रेकॉर्डही करता यायचं. गूगलच्या डूडल संग्रहात त्याचं नाव शोधा. हेडफोन लावून वाजवा.