हिराबाई बडोदेकर

हिराबाई बडोदेकर (जन्म : मिरज, मे १९०५ - मृत्यू : २० नोव्हेंबर १९८९) या किराणा घराण्याच्या हिंदुस्तानी शास्त्रीय गायिका व मराठी रंगभूमीवरील गायक-अभिनेत्री होत्या. गायिकेच्या मैफलीला सार्वजनिक सभागृहात प्रतिष्ठेचे स्थान मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

बालपण आणि शिक्षण
हिराबाई या उस्ताद अब्दुल करीम खाँ व ताराबाई माने यांच्या कन्या. त्यांचे मूळ नाव चंपाकली होते. आईवडील विभक्त झाल्यावर ताराबाईंनी मुलांना एकटीने वाढवले आणि त्यांची नावेही बदलली. सुरेशबाबू माने, कृष्णराव माने, कमलाबाई बडोदेकर व सरस्वती राणे ही हिराबाईंची भावंडे. वडिलांच्या घराण्याची तालीम त्यांना मुख्यतः उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून मिळाली.

मैफली
त्या काळी गाणे हा कुलीन स्त्रीचा व्यवसाय मानला जात नसे. गायिकांचे गाणे बहुधा कोठीवर किंवा श्रीमंतांच्या खासगी बैठकीत होई. हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. अशा मैफली करणारी पहिली गायिका होण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. यामुळे गायिकेला आश्रयदात्यावर अवलंबून न राहता थेट श्रोत्यांच्या बळावर उभे राहता येऊ लागले. हावभाव टाळून, एका जागी शांतपणे बसून त्या गात. हलका, सुरेल आवाज आणि स्वर एकेक करून उलगडणारी संथ आलापी ही त्यांच्या गायकीची वैशिष्ट्ये होती.

रंगभूमी
मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुष करीत असतानाच ताराबाईंनी मुलांसह नाटक मंडळी काढली. तीत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करीत. हिराबाईंनी 'सौभद्र' आदी संगीत नाटकांत कामे केली. मंडळी फार काळ टिकली नाही, मात्र अभिनेत्रींचा रंगभूमीवरील मार्ग तिने सुकर केला. हिराबाईंच्या ध्वनिमुद्रिकांमुळे त्यांचे गाणे घरोघरी पोहोचले. 'उपवनी गात कोकिळा' हे भावगीत त्यांपैकी विशेष लोकप्रिय ठरले.

जुगलबंदी
धाकट्या भगिनी सरस्वती राणे यांच्यासह हिराबाईंनी ख्याल गायनाच्या जुगलबंदी केल्या. सरस्वतीबाई 'रामराज्य' (१९४३) या चित्रपटातील पार्श्वगायनाने प्रसिद्धीस आल्या होत्या. दोन स्त्रियांनी एका मंचावर ख्याल गाण्याची ही पद्धत तेव्हा नवीन होती. एकीने मांडलेली स्वराकृती दुसरीने पुढे नेण्याचा प्रघात दोघींनी पाळला. त्यांच्या जुगलबंदीची ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत.

शिष्य व सन्मान
प्रभा अत्रे व माणिक वर्मा यांना सुरेशबाबूंप्रमाणेच हिराबाईंचेही मार्गदर्शन लाभले. हिराबाईंना १९६५ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार व १९७० मध्ये पद्मभूषण किताब मिळाला.