लौकिक आणि शील

आषाढी एकादशीचा आजचा दिवस. खानदेशातून संत मुक्ताबाईंची पालखी कितीतरी दिवसांची वाट तुडवीत पंढरीस पोहोचते आणि चंद्रभागेच्या वाळवंटात विद्वान व निरक्षर, धनिक व निर्धन एकमेकांच्या पाया पडतात. तेथे कोणी कोणाची पदवी विचारीत नाही. विठ्ठलाच्या दारी मनुष्याचा लौकिक कामी येत नाही, अंतःकरण तेवढे कामी येते, हीच संतांची शिकवण होय. आजच्या पुण्यदिवशी अशा एका पुरुषाचे स्मरण करावयाचे आहे, की ज्याने ही शिकवण परधर्मात जाऊनही सोडली नाही. ते पुरुष म्हणजे फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक.

धरणगावकरांना हे नाव परके नाही. १३ ऑगस्ट १८९० रोजी धरणगावी जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात बालकवी ही पदवी मिळाली. संमेलनाचे अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी ती दिली. पुढे या कोवळ्या कवीला ज्या घराने पोटच्या मुलासारखे जवळ केले, ते अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, टिळकांचे घर होते.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणात करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव करारी व कोपिष्ट. आई जानकीबाई भाविक. आईचे छत्र लहानपणीच हरपले आणि मुलगा घर सोडून नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. १८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला. त्याच पुढे मराठी साहित्यात लक्ष्मीबाई टिळक म्हणून अमर झाल्या. कवी, वक्ते व पंडित म्हणून टिळकांचे नाव होऊ लागले. नागपूरला बुटींसारख्या धनिकाचा आश्रय लाभला. समाजात मान होता आणि पुढचा मार्ग मोकळा होता.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना ख्रिस्ती धर्मग्रंथाची प्रत दिली. ती वाचता वाचता टिळक येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथेच खिळून राहिले. या प्रवचनाचा एक मोठा भाग दांभिकतेवर आहे. दान करावे ते उजव्या हाताचे डाव्याला कळू न देता; प्रार्थना करावी ती दार लावून एकांतात; उपवास करावा तो चेहऱ्यावर न दाखविता. जो लोकांच्या स्तुतीसाठी धर्म आचरतो, त्याला त्याचे फळ त्या स्तुतीतच मिळून चुकते. ईश्वर पाहतो तो अंतःकरणाकडे. तुकोबांच्या अभंगांवर वाढलेल्या मनाला हे बोल अनोळखी वाटले नाहीत. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्तापाशी आलो, असे टिळक पुढे सांगत.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचे धर्मांतर योग्य की अयोग्य, हा आजचा विषय नव्हे. पाहावयाचे आहे ते हे, की त्या एका दिवसात त्यांचा सारा लौकिक मातीला मिळाला. नातलग दुरावले, समाजाने वाळीत टाकले. पत्नी व लहानगा दत्तू सुमारे पाच वर्षे त्यांच्यापासून दूर राहिली. लक्ष्मीबाईंनी त्या काळात सोसलेले दुःख विसरून टिळकांचे गुणगान करणे हा अन्याय होईल. शीलाची वाट स्वच्छ असली, तरी तिचे मोल पुष्कळदा घरच्या माणसांना द्यावे लागते.

परंतु खरी परीक्षा पुढेच होती. लक्ष्मीबाई परतल्या त्या आपले सोवळे घेऊनच. टिळकांनी सक्ती केली नाही. त्यांची वेगळी चूल आणि त्यांचा आचार त्यांनी मान्य केला. माणसामाणसांत देवाने भेद केलेला नाही, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्या विचारानेच पटले, आणि मगच १९०० साली राहुरी येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ठोंबऱ्यांच्या बाबतीतही तेच दिसते. टिळकांच्या घरी पुत्रवत राहूनही ते अखेरपर्यंत आपल्या धर्मातच राहिले. धर्मोपदेशक म्हणून टिळकांचा लौकिक अशा तरुणाच्या धर्मांतराने वाढलाच असता. त्यांनी त्याला केवळ माया दिली.

टिळक निर्दोष होते असे नव्हे. ते शीघ्रकोपी होते, विसरभोळे होते, आणि हाती आलेला पैसा गरजवंताला देऊन मोकळे होत, मग घरात काही असो वा नसो. हे सारे आपणांस ठाऊक आहे ते लक्ष्मीबाईंच्या स्मृतिचित्रांमुळे. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्रात त्यांनी पतीचा एकही दोष झाकला नाही, आणि तरीही वाचणाऱ्याच्या मनात टिळकांविषयी आदरच वाढतो. बाहेरचे लोक माणसाचे नाव ओळखतात. शील ओळखते ते घर.

कालांतराने ख्रिस्ती समाजातही टिळकांना मोठा मान मिळाला. १९०४ साली त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. ज्ञानोदयाच्या मराठी विभागाचे संपादकत्व आले. त्यांची भजने प्रार्थनामंदिरांतून गायली जाऊ लागली. पण हा दुसरा लौकिकही त्यांनी मुठीत धरून ठेवला नाही. १९१७ साली मिशनची पगारी सेवा सोडून ते संन्यस्त वृत्तीने साताऱ्यास राहिले व देवाचा दरबार या नावाचा बंधुसमाज त्यांनी सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात स्थान होते. पहिल्या समाजाचा मान त्यांनी श्रद्धेसाठी सोडला होता, दुसऱ्याचाही त्याच श्रद्धेसाठी सोडला.

५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली सापडून बालकवी अकाली गेले. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळकांनी देह ठेवला. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाचे दहन झाले. त्यांचे अपुरे राहिलेले ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनी पुढे लिहून पूर्णत्वास नेले. ज्या पत्नीने या माणसापायी सर्वाधिक सोसले, तिनेच त्याचे कार्य हाती घ्यावे, याहून शीलाची दुसरी साक्ष कोणती हवी?

आज आपण उपवास करू, तुळशीहार वाहू, हरिपाठ म्हणू. हे सारे करावेच. परंतु रात्री देवापुढचा दिवा मंदावल्यावर क्षणभर स्वतःस विचारावे : आजचा माझा उपवास शेजाऱ्याला दिसावा म्हणून होता, की पांडुरंगाला कळावा म्हणून? आणि माझ्या घरची माणसे माझ्याविषयी काय सांगतील? या प्रश्नांचे उत्तर देताना ज्याची मान खाली जात नाही, त्याची वारी पंढरीस न जाताही पोहोचली असे समजावे.