मलिक अंबर

मलिक अंबर (जन्म: अंदाजे इ.स. १५४८, मृत्यू: इ.स. १६२६) हा अहमदनगरच्या निजामशाहीचा हबशी वंशाचा वजीर व सेनापती होता.

पूर्वायुष्य

त्याचा जन्म आजच्या इथिओपियात झाला. मूळ नाव चापू. बालपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला चापू बगदादमार्गे दख्खनमध्ये आला. निजामशाहीचा पेशवा चंगेझखान, जो स्वतः एकेकाळी गुलाम होता, त्याने त्यास विकत घेतले. धन्याच्या मृत्यूनंतर मुक्त झालेल्या अंबरने पुढे स्वतःचे सैन्य उभारले.

कारकीर्द

इ.स. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर जिंकले. तेव्हा अंबरने करमाळ्याजवळील परांडा किल्ल्यात दुसऱ्या मुर्तजा निजामशाहास गादीवर बसवून राज्य टिकविले. गनिमी काव्याने त्याने जहांगीरच्या फौजांना वर्षानुवर्षे झुंजविले. मराठा सरदार व घोडदळ हे त्याचे मोठे बळ होते. इ.स. १६१० मध्ये त्याने खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) हे शहर वसविले व तेथे नहरींद्वारे पाणी आणले. जमिनीची प्रत व पीक पाहून सारा ठरविण्याची त्याची पद्धत प्रसिद्ध आहे. इ.स. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत त्याने मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त सैन्याचा पराभव केला. या लढाईत शहाजीराजे भोसले त्याच्या बाजूने लढले.

मृत्यू आणि निजामशाहीचा अस्त

अंबरची कबर खुलताबाद येथे आहे. त्याच्यानंतर राज्य सावरणारा वजीर उरला नाही. इ.स. १६३३ मध्ये त्याचा पुत्र फत्तेखान याने दौलताबाद मोगलांच्या स्वाधीन केले. शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातील एका बालकास गादीवर बसवून, अंबरप्रमाणेच, राज्य राखण्याचा प्रयत्न केला, परंतु इ.स. १६३६ मध्ये निजामशाही संपुष्टात आली.