डॉ. शिपिओने रीवा-रोच्ची

रक्तदाब तपासताना डॉक्टर दंडाभोवती जो पट्टा गुंडाळतात, तो वैद्यकास देणारे डॉ. शिपिओने रीवा-रोच्ची यांचा जन्म इटलीतील तुरीन शहराजवळील आल्मेझे या गावी ७ ऑगस्ट १८६३ रोजी झाला. १८८८ मध्ये तुरीन येथे वैद्यकाची पदवी संपादून ते क्षयरोगाचे विख्यात चिकित्सक कार्लो फोर्लानीनी यांचे सहायक झाले.

त्यापूर्वीची साधने मनगटाच्या नाडीवर दाबून धरावी लागत आणि ती किंचित सरकली तरी आकडा बदलत असे. १८९६ मध्ये रीवा-रोच्चींनी सगळा दंडच वेढण्याची युक्ती काढली. त्यांची सामग्री तरी कोणती? सायकलची रबरी ट्यूब, शाईची दौत, पारा आणि काचेची नळी! पट्ट्यात हवा भरावयाची आणि बोटाखालची नाडी थांबताच पाऱ्याची उंची वाचावयाची. रोग्याच्या मनःस्थितीनेही पारा चढतो, हे त्यांच्या ध्यानी आले होते. १९०१ मध्ये पाव्हियास आलेल्या हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदाने हे यंत्र बॉल्टिमोरला नेले.

तथापि त्यांचा पट्टा जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद होता. अरुंद पट्ट्याचा दाब मांसल दंडात खोलवरच्या रोहिणीपर्यंत पुरता पोहोचत नाही. ती बंद करण्यास अधिक हवा भरावी लागते आणि पारा उगाच वर जातो. अशाने निरोगी स्थूल मनुष्यही रोगी ठरावयाचा व नको ती औषधे घ्यावयाचा! १९०१ मध्येच हाइन्रिख फोन रेकलिंगहाउसेन यांनी हा दोष दाखवून अधिक रुंद पट्टा सुचविला. दोष तत्त्वात नव्हता, रुंदीत होता, एवढे रीवा-रोच्चींच्या बाजूने म्हटलेच पाहिजे. पट्ट्यातील रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारे ४० टक्के व लांबी ८० टक्के असावी, असा आता दंडक आहे. तरीही तो सर्वत्र पाळला जातोच असे नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, सर्वांत मोठा पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा पट्टा बांधला असता वरचा आकडा सुमारे २० मिलिमीटरांनी अधिक आला.

रीवा-रोच्ची १९०० पासून १९२८ पर्यंत वारेझे येथील रुग्णालयाचे प्रमुख होते. मध्यंतरी पाव्हियास त्यांनी बालरोगशास्त्रही शिकविले. १५ मार्च १९३७ रोजी रापाल्लो येथे त्यांचे देहावसान झाले. जर्मन डॉक्टर रक्तदाबाच्या आकड्यापुढे त्यांच्या नावाची आद्याक्षरे अजूनही लिहितात.